बोळा

माझे वडील गेले तेव्हा त्यांना द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलं होतं, असं सांगितलं की लोक आधी ‘अरेरे’ म्हणतात आणि मग हसू दाबतात. दाबू नका. मी स्वतः कितीदा हसले आहे. रडलेही आहे, पण ते नंतर.

अण्णा गेले मे महिन्यात, सकाळी मळ्यात पाणी भरता भरता. साल दोन हजार तीन. माझा भाऊ सुनील तेव्हा मस्कतला नोकरीला होता. एकुलता एक मुलगा, त्यामुळे अग्नी त्यानेच द्यायचा आणि शेवटचं तोंडही त्याने बघायचं, यात कुणाचं दुमत नव्हतं. पण विमान मिळवून, मुंबईला उतरून, जीप करून गावात पोचायचं म्हणजे दुसरा दिवस उजाडणार. आमचं गाव निफाडच्या जरा अलीकडे. हिवाळ्यात आमच्याकडे वेलीवरच्या दवाचा बर्फ होतो आणि मेमध्ये बसल्या जागी माणूस शिजतो. दिवसभर मढं घरात ठेवणं शक्यच नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, नाशिकला सिव्हिलमध्ये ठेवू. माझे सख्खे चुलते सहादूतात्या ताडकन म्हणाले, “आमचा दादा काय बेवारस हाय का?” मग तोडगाही त्यांनीच काढला. सीझन संपला होता, सोसायटीचं कोल्ड स्टोरेज रिकामं पडलं होतं. सोसायटी अण्णांनी काढलेली, चेअरमन अण्णा, सेक्रेटरी तात्या. “आपल्याच घरात झोपलाय असं समजा,” तात्या म्हणाले. गावाने माना डोलावल्या. सगळं गाव अण्णांच्या मागोमाग त्या खोलीत शिरलं, दार सताड उघडं ठेवून बराच वेळ टाळ वाजले, मग सगळे बाहेर आले आणि दार लावलं. मशीन चालवणारा नवनाथ मेव्हण्याच्या लग्नाला सिन्नरकडे गेला होता, म्हणून तात्यांनी स्वतःच बटण दाबलं आणि काटा फिरवून पार खाली नेला. जितकं गार तितकं बरं, असा साधा विचार. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

विचारायचं सोडा, कळवलंही नव्हतं. त्याचं कारण म्हणजे माझं लग्न. चंदर गावित सुरगाण्याकडचा, डोंगरातला, नाशिक रोडला शाळेत मास्तर. माणूस शंभर नंबरी, पण आमच्या जातीचा नाही. आम्ही लग्न केलं त्या दिवशी अण्णांनी एकच वाक्य उच्चारलं, “ललिता मेली.” आणि जो तिला उंबऱ्याच्या आत घेईल त्याचा माझा संबंध संपला, असं सगळ्या भावकीला बजावलं. अण्णा एकदा बोलले की बोलले. आई तेवढी दवाखान्याचं निमित्त काढून नाशिकला यायची आणि माझ्याकडे जेवून जायची. एका हिवाळ्यात मी अण्णांसाठी मफलर विणून तिच्याबरोबर पाठवला, निळा, पांढऱ्या काठाचा. कुणी विणला ते आईने त्यांना खरं सांगितलं. अण्णांनी तो ठेवून घेतला. पण त्यांच्या गळ्यात तो कुणी कधी पाहिला नाही. दर हिवाळ्यात मी आईला विचारायची, “घातला का गं?” आई म्हणायची, “अगं, थंडी कुठंय यंदा!” निफाडला थंडी नाही! धन्य माझी आई.

तर बातमी मला शेजारच्या मळ्यातल्या मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी पहाटे फोन करून सांगितली. चंदरने मुकाट्याने स्कूटर काढली. मला फार काही नको होतं. अण्णांचं तोंड बघायचं होतं आणि बघताना मला कुणी हाकलू नये, एवढंच. जिवंतपणी त्यांनी माझ्यापासून तोंड फिरवलं ते फिरवलं, आता तरी फिरवता येणार नाही.

कोल्ड स्टोरेजच्या अंगणात सगळा गाव जमला होता. आई पत्र्याच्या सावलीत बसली होती. मला बघून ती उठू लागली, पण त्याआधी तात्या आडवे आले.

“लले, पुढं येऊ नको. मागच्या अंगाला थांब. दादाला बाहेर काढलं का लांबून बघ.”

“तात्या, अण्णा गेले. आता कुणाची भीती?”

“भीती नाय. दादाचा शब्द हाय.”

“मेलेल्या माणसाचा?”

“मेलेल्याचा तर मोडताच येत नाय. जित्ता असता तर भांडलो असतो.”

चंदरला तर मागच्या अंगालाही जागा नव्हती, तो फाटकाबाहेर स्कूटरपाशी उभा राहिला. मी भिंतीला वळसा घालून मागे गेले. मागे मशीन. आतली सगळी उष्णता बाहेर ओकून माझ्या तोंडावर फेकत होतं. माहेरचं हे स्वागत. एका बाभळीच्या आडोशाला सरकले आणि सहज मान वळवली, तर भिंतीत माझ्या डोक्याच्या उंचीवर एक गोल भोक होतं आणि त्यात फडक्याचा बोळा कोंबलेला होता. निळा. पांढऱ्या काठाचा.

माझा मफलर.

मी तुम्हाला काय सांगू! वडील गेल्याचं दुःख होतंच, पण त्या क्षणी मला जी तिडीक आली! रात्र रात्र जागून विणलेला, आणि या गृहस्थाने तो भोकात कोंबावा? जुनं पोतं नव्हतं गावात? मी तिथेच, बाभळीखाली, मेलेल्या बापाला दोन शब्द सुनावले. ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

तेवढ्यात पुढून जीपचा आवाज आला आणि रडारड झाली. सुनील आला होता. भिंतीच्या कोपऱ्यावरून डोकं काढलं की पुढचं सगळं दिसायचं. सुनीलने आईला मिठी मारली, डोळे पुसले आणि तो दाराशी गेला. दार जाड, बाहेर ओढायचं, मोठ्या दांड्याचं. त्याने दांडा धरून ओढला. दार उघडेना. मस्कतच्या जेवणाने पोरगा ढिला झाला असं समजून दुसऱ्याने हात लावला. मग तिघांनी, मग पाचांनी. दार भिंतीत चिणल्यागत बसलं होतं. कडी निघालेली होती, कुलूप नव्हतंच, तरी दार तसूभर हलत नव्हतं. कुणीतरी ट्रॅक्टर आणून दांड्याला साखळी बांधली. तात्या हाताची घडी घालून बाजूला उभे होते, ते एवढंच म्हणाले, “नका, दांडा जाईल.” दांडा गेला. ट्रॅक्टरमागे फरफटत पार पिंपळापर्यंत गेला.

आणि तेव्हाच आतून आवाज आला. कडाड.

गर्दी चार पावलं मागे सरली. पुन्हा एकदा आवाज आला. अगदी कुणी आतून पाठ टेकून बसल्यासारखा. मग गावातले सगळ्यात वयस्क फकिराबाबा, अण्णांना नुसत्या नावाने हाक मारणारे तेवढेच उरलेले, काठी टेकत पुढे झाले आणि त्यांनी निदान केलं. “निवृत्तीची काहीतरी इच्छा ऱ्हायलीय. तो दार धरून बसलाय.”

आता दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की आपल्याकडे काय करतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मेलेल्याचा जीव कशात अडकलाय त्याचा अंदाज घेत एकेक जण हात जोडून शब्द देतो, पोरांकडे बघू, कर्ज फेडू, म्हातारीला सांभाळू. बरोबर शब्द सापडला की कावळा येतो. आमच्या गावाने तेच आठ दिवस आधी, कावळ्याशिवाय, कोल्ड स्टोरेजच्या दारापुढे सुरू केलं.

पहिला मान सुनीलचा. “अण्णा, मी मस्कत सोडून गावाकडे येतो.” हे खोटं आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं, त्यामुळे दार उघडलं नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. मग व्हाइस चेअरमन म्हणाले, “साहेब, यंदाची निवडणूक बिनविरोध करू.” दार ढिम्म. बांधाला बांध असलेला धनराज पुढे आला, घसा खाकरला आणि म्हणाला, “निवृत्तीभाऊ, बांध मीच कोरला होता. तुमच्या दोन सऱ्या तुम्हाला परत.” गर्दीत खसखस पिकली, पण दार तसंच. एकाने फवारणीचा पंप परत करायचं कबूल केलं. भजनी मंडळाने सप्ताह बोलला. मग सगळे तात्यांकडे बघू लागले. तात्यांनी डोळे मिटले. “दादा, आजपासून घोट घ्यायचा नाय.”

आतून कडाड.

“मान्य नाय वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं.

एवढ्यात नवनाथ आला. डोक्याला लग्नाचा गुलाबी फेटा, सदऱ्यावर हळद. त्याने दाराकडे बघितलं, भिंतीला हात लावला आणि ओरडला, “अहो, काटा कुणी पार खाली नेला? हवा आखडलीय आत!” त्याला वाटलं लोक ऐकतील. तात्यांनी त्याला खांद्याला धरून फिरवलं. “इथं माणसाचं चाललंय, मशीनचं नाय. तू मागं जा.”

म्हणून तो मागे आला, आणि मागे ऐकायला फक्त मी.

“ताई, गरम खिचडी डब्यात भरून झाकण घट्ट लावलं तर नंतर काय होतं?”

“झाकण निघत नाही.” दोन डबे रोज भरते मी, मला हे शिकवणार?

“का निघत नाय? आतली हवा गार होते, आक्रसते, झाकण आत ओढून धरते. हा तसलाच डबा समजा. खोलीभर उन्हाळ्याची हवा कोंडली आणि एकदम गार केली. बाहेरून थोडी हवा आत यावी म्हणून हे भोक ठेवलेलं असतं. पण आमचे साहेब! गार हवा फुकट चालली म्हणून बोळा कोंबायचे. मी काढायचो, ते परत कोंबायचे. आता तर तो आतून बर्फ धरून पक्का बसला असंल. त्यात यंदा दाराचं रबर नवं. कडाड वाजतंय ना, त्या भिंती आत वाकतायत.” त्याने फेटा सावरला आणि हात वर केला. “एवढा बोळा ओढला का दार उघडं.”

मी त्याचं मनगट धरलं. “थांब.”

“काय थांब? भिंत फाटंल, ताई!”

“थांब म्हणते ना.”

कारण पुढे आईचा आवाज आला होता. आई चारचौघांत कधी बोलत नाही. “तुम्ही सगळे आपापल्या मनाचं सांगताय,” ती म्हणत होती. “त्यांच्या मनातलं मला विचारा की. लेकीला माहेर द्या. दुसरं काही अडलेलं नाही त्यांचं.”

मग तात्या म्हणाले, “वहिनी, पण तिला तोडायचा शब्द दादाचाच हाय.”

“शब्द त्यांचा आणि दार धरून बसलेत तेपण तेच. बोलून तर बघा.”

नवनाथ माझ्या कानाशी पुटपुटत होता, “ताई, पाया पडतो, ओढू द्या.” मी मफलरला हात घालून उभी होते. आत बाप पडलाय, पुढे आई उन्हात आलीय, भाऊ रडून रडून बसलाय, आणि सगळं सोडवायचं ते माझ्या मुठीत. कुणी म्हणेल ही बाई आहे की कोण! पण एक वाक्य मला हवं होतं. इतकी वर्षं हवं होतं. ते ऐकल्याशिवाय मी ओढणार नव्हते. हा हट्ट कुठून आला, ते खोलीत पडलेल्या माणसाला विचारा.

बऱ्याच वेळाने तात्यांचा आवाज आला. बारीक, घोगरा. “दादा, लली आपली हाय. दिवाळीला मी सोता जाऊन तिला आणीन. जावयासकट.”

जावयासकट! हे तर मी मनातही धरलं नव्हतं. मी बोळा ओढला.

निघेना.

तो आतून असा ओढून धरला होता की माझी बोटं निसटली. पुन्हा ओढला. पुढे सगळे दाराकडे डोळे लावून उभे, आणि दार हललेलं नाही. “हेपण नाय वाटतं,” तोच मघाचा कुणीतरी म्हणाला. अजून थोडा वेळ गेला असता तर माझं माहेर फवारणीच्या पंपाच्या रांगेत जाऊन बसलं असतं. “अरे ओढ की, बघतोस काय!” मी नवनाथवर खेकसले. तो म्हणाला, “मघापासून तेच म्हणतोय ना!” मग आम्ही दोघांनी भिंतीला पाय लावले, देवाचं नाव घेतलं आणि हिसडा मारला. फट्‌कन बोळा सुटला. आम्ही दोघं मशीनपुढच्या धुळीत उताणे पडलो, त्याचा फेटा बाभळीत गेला, आणि त्या भोकातून अशी शीळ वाजली की झाडावरचे सगळे पक्षी उडाले. हवा आत चालली होती.

पुढे एकच गलका झाला. दार आपोआप उघडलं होतं.

“लले,” तात्यांनी हाक मारली. “ये पुढं.”

मी तशीच धुळीने माखलेली, हातात मफलर, पुढे गेले. लोकांनी वाट दिली. दारातून पांढरं धुकं उंबऱ्यावरून जमिनीसरशी बाहेर लोळत होतं आणि लोक त्याला हात जोडत होते. आत अण्णा होते. भुवया तशाच वाकड्या, आता रागावणार आणि मग रागावणार. किती बारीक झाले होते! मला कुणी सांगितलंच नव्हतं की ते इतके बारीक झालेत. मी खाली बसले आणि त्यांच्या गालाला हात लावला. बाहेरची गरम हवा आमच्याबरोबर आत शिरली होती, आणि बघता बघता त्यांच्या कपाळावर, गालांवर, डोळ्यांच्या कडांना बारीक थेंब धरू लागले. थंड पेट्या बाहेर काढल्यावर द्राक्षांवर धरतात तसे. एक थेंब गालावरून ओघळला.

“रडतायत बघ,” आई म्हणाली. “लेक आली म्हणून.”

शेजारी नवनाथने सांगायला तोंड उघडलं. “ते काय असतं, वहिनी, गरम हवा गार अंगाला...” मी त्याच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. आणि मग मी रडले. हंबरडा फोडून रडले, सुनीलपेक्षा मोठ्याने.

नदीवरून परतताना मी नवनाथला गाठलं. मफलर अजून माझ्या हातातच होता. “यांना भोकात कोंबायला दुसरं काही सापडलं नाही?”

“तसं नाय, ताई. हा त्यांचा आतला मफलर. खोलीत शिरताना गुंडाळायचे, बाहेर निघताना खुंटीला अडकवायचे. सीझनभर रोज. खोलीत काही काम नसलं तरी येऊन बसायचे. लय वर्षं वापरला, मग विरला. मी म्हणलं टाकून देऊ, तर माझ्यावरच ओरडले. ह्याला बाहेर टाकायचं नाय म्हणाले. मग भोकात घातला.”

मी मफलर उलगडून बघितला. गळ्याशी पार विरलेला होता.

दहाव्याला पिंड ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. गुरुजींना नवल वाटलं. गावाला वाटलं नाही.

आणि दिवाळीला तात्या खरोखर आले. नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांत खुर्चीच्या टोकावर बसले. चंदरने चहा केला. दोरीवर मफलर वाळत होता, धुऊन, रफू करून. तात्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“तात्या, घोट सुटला का?” मी विचारलं.

“ते दादानं मान्य केलं नव्हतं,” तात्या म्हणाले. मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “शीळ लय जोरात वाजली गं त्या दिवशी.”

“तुम्ही ऐकलीत?”

“सेक्रेटरी हाय मी. मागं भोक हाय आन्‌ दादा त्यात बोळा घालतो, मला म्हाईत नसंल व्हय?”

“मग आधीच का नाही सांगितलंत? ट्रॅक्टर लावला, दांडा मोडला, सगळा गाव उन्हात उभा!”

तात्यांनी बशीवर फुंकर मारली. “सांगितलं असतं तर नुसतं दार उघडलं असतं.”

त्यांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि चंदरकडे वळले. “जावईबापू, पिशव्या भरल्या का? ऊन व्हायच्या आत पोचू.”